मोजणीआजोबांचे सत्तावीस डबे

सई आणि अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर सई माझ्यावर नाही, पण माझ्यासमोर खूप रागावली. तुमच्या गावातल्या जुन्या दफनभूमीच्या भिंतीत तिने त्या शोधाशोधीच्या खेळाचा एक डबा लपवला होता आणि खेळावर देखरेख करणाऱ्या कुणीतरी तो काढून घ्यायला सांगितलं. "डबाच तर आहे, आजी," असं ती तीनदा म्हणाली. मी तेव्हा गप्प राहिले, कारण फोनवर मला क्रमाने सांगता येत नाही आणि क्रम चुकला की माझं मलाच पटत नाही. लिहिताना सगळं जागेवर राहतं. म्हणून आज सकाळी कपाट आवरून, चष्मा पुसून लिहायला बसले आहे. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तुमच्या मोजणीआजोबांइतका नेमका माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या वेळा माझ्या काळजाचा ठोका दुसऱ्या कुणी चुकवला नाही. तुमच्या आजोबांचे ते मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी. लातूरला राहत आणि चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होते, म्हणजे कुणाचं शेत कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं हे मोजून दगड रोवणं हे त्यांचं काम. माणसं त्यांना नावाने आठवत नसत, गट नंबराने आठवत. लग्नात कुणाची ओळख करून देताना ते "हे एकशे बाराचे पाव्हणे, ह्यांच्या पूर्वेला ओढा हाय" असं सांगत आणि तो पाहुणाही खूश होई, कारण ओढा खरंच पूर्वेला असे. कुठल्याही मंगल कार्यालयात शिरले की आधी पावलांनी मंडप मोजत आणि मग नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन मंडप सांगितल्यापेक्षा दीड हात कमी असल्याचं कळवत. तो बाप आधीच घायकुतीला आलेला असे. भावजींना वाटे आपण मदत केली.

वाकडं काही त्यांना सहन होत नसे. माझ्याकडे नांदेडला आले की चहाच्या आधी कॅलेंडर सरळ करत. एवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं, मलाही सरळ कॅलेंडर आवडतं. पण एकदा आम्ही ओळखीच्या एका घरी समाचाराला गेलो होतो. दहावाही झालेला नव्हता, खोलीभर बायका पदर लावून बसल्या होत्या, आणि भावजी शांतपणे उठले, गेलेल्या माणसाच्या हार घातलेल्या फोटोपाशी गेले, एक डोळा मिटून त्यांनी तो डावीकडून दोन बोटं वर उचलला, मागे येऊन पाहिला आणि पुन्हा अर्धं बोट खाली केला. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर मी बोलले, तर म्हणतात, "वहिनी, ते आयुष्यभर ताठ चालले. भिंतीवर कलतं का ठेवावं माणसाला?"

त्यांच्या कामातली एक रीत तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढे ती लागेल. शेत मोजायचं असलं की आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना आधी नोटीस जाते: अमुक दिवशी येत आहोत, आपण हजर राहावे. ती सगळ्यांना पोचल्याशिवाय मोजणीदाराने रानात पाय ठेवायचा नसतो. बाकीचे कधी ठेवत असतील, भावजींनी कधी ठेवला नाही, आणि हे ते न विचारता सांगत. दिवाळीच्या फराळालासुद्धा ते आमच्या फाटकाबाहेर उभे राहून हाक मारत आणि कुणी "या" म्हटल्याशिवाय कडी काढत नसत.

असा माणूस निवृत्त झाला, त्यांच्या बायकोची तिरडी बांधली गेली, लेक पुण्याला गेली, आणि लातूरच्या त्या घरात सरळ करण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतरच्या सुट्टीत तुम्ही दोघं माझ्याकडे आलात. बाल्कनीत बसून सईने त्यांना फोनवर तो खेळ दाखवला. जगभर लोक डबे लपवतात, त्याची जागा अक्षांश-रेखांशांत लिहितात, दुसरे येऊन शोधतात, आतल्या वहीत सही करतात, एखादी वस्तू घेतात, तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवतात आणि डबा होता तसा लपवून जातात. भावजी ऐकत होते. मग त्यांनी फोन हातात घेतला, त्यावरचा निळा ठिपका पाहिला आणि तुच्छतेने म्हणाले, "तीन मीटर चुकतंय. तीन मीटरला आमच्याकडं भावाभावात कोर्ट होतं." पण फोन परत दिला नाही. त्या दिवशी मला कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांत डब्यांची भूक लागल्यासारखं त्यांना झालं. हिंगाच्या डब्या, पेढ्यांचे डबे, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, काहीही चालत असे. माझा टॉफीचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात मी रंगाप्रमाणे लावून बटणं ठेवली होती. एके दुपारी मी पडले असताना त्यांनी ती सगळी बटणं पलंगावर ओतली आणि डबा घेऊन लातूरची गाडी पकडली. मागे चिठ्ठी होती: "डबा ताब्यात घेतला. बटणे एकशे चाळीस, मोजून पलंगावर."

मग डबे लपवायला आणि इतरांचे शोधायला ते लातूर-नांदेड दोन्ही जिल्हे हिंडू लागले. हदगावच्या एसटी स्टँडवर ते एका भिंतीमागच्या झुडपात हात घालून वाकून शोधत होते. भिंत कशाची हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ती बायकांच्या स्वच्छतागृहाची होती. मी तिकिटांच्या रांगेतून वळून पाहिलं तर सात-आठ बायका कमरेवर हात देऊन त्यांच्याभोवती उभ्या, आणि भावजी त्यांना अक्षांश समजावून सांगत होते. एक म्हातारी म्हणाली, "अक्षांश घरी जाऊन बघ की मेल्या." मी मध्ये पडून, शिक्षिकेचा आवाज काढून, त्यांना सोडवलं. हदगावहून नांदेडपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि उतरताना ते हळूच म्हणाले की डबा तिथे नव्हताच, तो सहा मीटर अलीकडे असणार.

आमच्या शेजारणीच्या तुळशी वृंदावनाखाली एक वीट सैल होती, ती त्यांना पसंत पडली. सकाळी सातला ते तिच्या अंगणात पालथे पडून डबी आत सरकवत होते. शेजारण दार उघडून बाहेर आली, तिने पाहिलं की एक वयस्क गृहस्थ तिच्या तुळशीला साष्टांग नमस्कार घालत आहेत, आणि ती भारावून गेली. साऱ्या कॉलनीत तिने ह्यांच्या भक्तीचं वर्णन केलं. संक्रांतीला त्यांच्यासाठी वेगळे तिळगूळ आले. मी ते खाल्ले नाहीत. भावजींनी खाल्ले.

तरी एक सांगायला हवं. त्यांना अगदीच पोच नव्हती असं नाही. भूकंपानंतर किल्लारीकडच्या नव्या गावांचे प्लॉट पाडायला ते तरुणपणी कित्येक महिने तिकडे होते. पुण्याच्या कुणा खेळाडूने त्यांना फोनवर सुचवलं की जुन्या गावाच्या पडक्या जागेत डबा ठेवा, लोकांना फार आवडेल. भावजींनी फोन कानापासून दूर धरला, जणू त्याचा वास येत होता. "तिथं न्हाई," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. म्हणजे कुठे जाऊ नये हे ह्या माणसाला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

तीन वर्षांपूर्वी येळवस होऊन आठवडा झाला होता. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, घरंच्या घरं रानात जातात, भज्जी आणि आंबील घेऊन, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात. मी एका बारशासाठी लातूरला गेले होते. भावजींच्या फोनवर निरोप आला की त्यांचा एक डबा कुणाला सापडत नाही. ज्याचा डबा, त्यानेच जाऊन पाहायचं, असा खेळाचा नियम. ते म्हणाले, चला वहिनी, हवा खाऊन येऊ. त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही औसा ओलांडून किल्लारीच्या अलीकडे एका गावाच्या शिवारात पोचलो. गाव मुद्दाम लिहीत नाही.

हरभरा गुडघ्याएवढा झाला होता. दोन शेतांच्या मधल्या बांधावर एक कोवळा बेल होता आणि त्याच्यापाशी घडवलेला, चौकोनी, हातभर उंच दगड. भावजींनी तो मला लांबूनच दाखवला. हद्दीचा दगड असा हवा, म्हणाले, दोन गटांच्या बरोबर मधोमध, नकाशावर मी स्वतः मारलेल्या रेघेवर. दिवाळीनंतर त्याच्या बुडाशी त्यांनी डबा पुरला होता. आम्ही जवळ गेलो तर दगडाच्या बुडाशी खड्डा उकरलेला होता, भोवती राखेचं रिंगण ओढलेलं होतं आणि त्यात टाचण्या टोचलेले लिंबू सुकले होते. दगडावर विभूतीचे तीन ताजे पट्टे होते. मी मागच्या मागे दोन पावलं सरले.

एवढ्यात उत्तरेकडच्या शेतातून एक मनुष्य आला, पन्नाशीचा, कपाळाला विभूती लावलेला, हातात हरभऱ्याचे डहाळे. नाव बसवराज. आम्ही कोण, कुठले, असं त्याने विचारायच्या आधी डहाळे माझ्या हातात दिले आणि बांधावर टॉवेल अंथरून बसा म्हणाला. भावजींनी सांगितलं की भूकंपाच्या वेळी ते इकडे मोजणीला होते. हे खरंच होतं. बसवराजचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि तो सांगत असताना मी हातातला एक घाटा सोलत होते तो सोलतच राहिले.

तो दगड हद्दीचा नव्हता. त्याखाली त्याची आई होती. त्यांच्यात माणूस गेलं की शेतात पुरतात आणि वर समाधी बांधतात. म्हातारीचे दोन मुलगे, बसवराज आणि धाकटा मल्लिनाथ. वाटण्या झाल्या होत्या आणि वाटण्यांत होतं तसं थोडं मन दुखलेलं होतं. म्हातारी मरताना म्हणाली, मला बांधावर ठेवा, म्हणजे दोघांनाही यावं लागेल. तशी ठेवली. वर्ष व्हायचं होतं म्हणून ओटा बांधला नव्हता, नुसता घडीव दगड उभा केला होता. धाकट्याची बायको सुरेखा रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायला येई.

येळवशीला दोन्ही घरं रानात होती. बसवराजची बायको महानंदा नैवेद्य ठेवायला दगडापाशी गेली, तर दगड हललेला. बुडाशी माती दाबलेली. उकरलं तर स्टीलचा डबा निघाला. डब्यात एक निळं बटण, एक परदेशी नाणं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे लिहिलेली बारकी वही.

"आन् बाहुली," बसवराज म्हणाला. "एक हात न्हाई तिला. केसाला लाल फीत बांधल्याली."

सई, ती तुझी बाहुली होती. जाताना तू ती भावजींना डब्यासाठी दिलीस. केस विस्कटलेले होते म्हणून लाल फीत मी बांधली होती, ह्या हातांनी.

त्याच आठवड्यात बसवराजचा मुलगा तापाने फणफणला होता. घरात शब्द उठला: करणी. आणि करणी कुणी केली, तर जी रोज एकटी दगडापाशी येते तिने. डबा त्यांनी तेरणा नदीत सोडला, बाहुलीसकट. राख आणि लिंबू कुणीतरी जाणता बोलावून केलेले. सुरेखाने घरच्या देवाची शपथ घेतली, कुणी ऐकलं नाही. तिच्या नवऱ्यानेसुद्धा नाही, तो नुसता मान खाली घालून बसला. उद्या सकाळी नायगावहून तिचा भाऊ जीप घेऊन तिला न्यायला येणार होता. परत कधी येईल ह्यावर कुणी बोलत नव्हतं. हे बसवराज रागाने सांगत नव्हता, थकून सांगत होता. मग त्याने भावजींकडे पाहिलं.

"साहेब, तुमी मोजणीवाले. जरा बगा की, दगड किती हलवलाय."

आणि भावजी बसले, बाळांनो. गुडघे टेकून, खिशातला टेप काढून त्यांनी बेलाच्या बुंध्यापासून अंतर घेतलं, जुन्या मातीची कड पाहिली आणि सांगितलं, "चार बोटं. दक्षिणेला." उत्तर बरोबर असणारच होतं. दगड त्यांनीच हलवला होता. तो कलला होता, आणि कललेलं त्यांना पाहवत नाही.

"कोण हलवला आसंल?" बसवराजने विचारलं.

भावजी उठले, गुडघे झटकले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला वहिनी, उशीर होतोय." आणि चालू लागले. मी त्यांच्यामागे गेले. हेही लिहिते, कारण तुम्हाला वाटेल मी थांबून सगळं सांगून टाकलं असेल. नाही सांगितलं. डहाळे हातात धरून मी मुकाट्याने गाडीत बसले. पन्नास वर्षांत ज्या माणसाने एक इंच खोटा सांगितला नाही तो पळून चालला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसले होते.

लामजना पाटीवर, म्हणजे फाट्यावर, त्यांनी गाडी थांबवली. चहा मागवला. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. समोर टपरीवाल्याची पाटी वाकडी लटकत होती, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून खेळाची एक कोरी वही काढली आणि लिहायला लागले. मला वाटलं लेकीला पत्र लिहीत आहेत. वाकून पाहिलं तर ती नोटीस होती. एकीवर बसवराजचं नाव, दुसरीवर मल्लिनाथचं, दोघांच्या शेतांचे गट नंबर, तेही न विचारता, पाठ असलेले. आज दुपारी चार वाजता सामाईक बांधावर पंचनामा करण्यात येणार आहे, तरी आपण सहकुटुंब हजर राहावे.

मी म्हटलं, भावजी, हे काय, सरळ जाऊन सांगा ना. उद्या सकाळी जीप येईल.

"वहिनी," ते म्हणाले, "नोटीस न देता गेलो, म्हणून तर हे झालं."

परत गेलो. पण शेतात नाही. आधी थोरल्याच्या घरी जाऊन बाहेरून हाक मारली, नोटीस हातात दिली, पोच म्हणून सही घेतली. मग धाकट्याच्या घरी. तिथे दारात एक पिशवी भरून ठेवलेली होती आणि आत सुरेखा पाठमोरी भांडी लावत होती. मल्लिनाथ म्हणाला, भाऊ असेल तिथे मी यायचा नाही. भावजींनी त्याला कायद्यातलं एक कलम सांगितलं. असं कलम आहे की नाही मला माहीत नाही. सरकारी कागद म्हटल्यावर तो आला. चार वाजता दोन्ही भाऊ आणि दोन्ही जावा त्या बांधावर उभ्या होत्या, येळवशीनंतर पहिल्यांदा, मध्ये दगड ठेवून.

भावजींनी चपला बांधाच्या अलीकडे काढल्या. मग शर्टाची वरची गुंडी लावून, त्याच वहीत लिहून आणलेला पंचनामा कचेरीत वाचतात तशा सुरात वाचायला लागले. मी, राहणार लातूर, निवृत्त मोजणीदार, दिवाळीनंतर ह्या शेतात मालकांना न विचारता शिरलो. सदरचा दगड हद्दीचा समजलो. डबा माझा. आतली वस्तू खेळण्यातली, आमच्या नातवंडांची, त्यात करणी नाही. दगड कललेला दिसला म्हणून मी तो सरळ केला आणि बुडाची माती...

इथे ते थांबले. कागदावर काय लिहिलं होतं ते मला दिसत होतं. तिथे 'हाताने' असं लिहिलं होतं. त्यांनी पेन काढला, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं.

"पायाने दाबली," त्यांनी वाचलं. "बूट घालून."

बसवराजचा हात वर गेला. मला वाटलं आता मारतो. भावजी हलले नाहीत, चुकवण्यासाठी मानसुद्धा वळवली नाही. तो हात तसाच राहिला आणि मग बसवराज तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. महानंदा पुटपुटत राहिली, "मंजे हिनं न्हाई... मंजे हिनं न्हाई..." धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

भावजींनी सुरेखासमोर हात जोडले. ती हसली नाही, रडली नाही. पंचविशीची पोर, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने कागदाकडे बोट केलं.

"आठ दिवस झाले, माझ्या हातचं पाणी कोणी पिऊन नाही राहिलं ह्या घरात," ती म्हणाली. "ते कुठं लिहिलं ह्याच्यात?"

भावजी खाली बसले, मांडीवर वही घेतली आणि लिहिलं. ती सांगत गेली तसं, तिच्याच शब्दांत. कुणी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं, कुणी तिच्या सावलीतून पोराला ओढून घेतलं, नवरा गप्प बसला. "गप्प बसला, हे बी लिवा," तिने सांगितलं. भावजींनी लिहिलं. मग वाचून दाखवलं. मग सह्या. आधी भावजींनी केली, मग बसवराजने. मल्लिनाथने केली. महानंदाने एकेक अक्षर जोडत केली. पंच म्हणून मी केली, आणि करताना मनात म्हटलं की माझ्याही गप्प बसण्याची ह्यात एक ओळ हवी होती. मी ती सांगितली नाही. आता तुम्हाला सांगते आहे.

शेवटी सुरेखाने सही केली आणि कागद वहीतून फाडून, चार घड्या घालून, स्वतःच्या ब्लाउजमध्ये ठेवला. भावजी म्हणाले की मूळ प्रत कार्यालयात राहते. ती म्हणाली, "माझं आफिस हेच."

महानंदा तिच्याकडे न बघता म्हणाली, "सुरेखे, पाणी दे गं." बांधावर सुरेखाचीच घागर होती. तिने तांब्या भरला. देताना खूप वेळ लावला. महानंदा तो वरून न ओतता तोंडाला लावून प्यायली, सगळा. नायगावचा भाऊ दुसऱ्या दिवशी आला, जेवला आणि एकटाच परत गेला. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. सुरेखा नवऱ्याशी बोलायला पुढचा पाडवा उजाडला, असं मला नंतर कळलं, आणि मला त्यात तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

उरलेले सव्वीस डबे भावजींनी दोन महिन्यांत एकेक करून काढले. प्रत्येक जागेच्या मालकाला आधी पोस्टकार्ड, मग दारात उभं राहून कबुली. आमच्या शेजारणीला त्यांनी सांगितलं की मी त्या दिवशी तुळशीला नमस्कार करत नव्हतो. तिचा विश्वासच बसला नाही. एवढा विनय, म्हणाली, आजकाल कुठे पाहायला मिळतो. तेवढा एकच गुन्हा त्यांच्या नावावर नोंदवला गेला नाही, आणि त्याची टोचणी त्यांना होती.

आता ते पुण्याला लेकीकडे सातव्या मजल्यावर असतात. गुडघ्यांनी दगा दिला, डोळ्यांनीही. फोनवर निळा ठिपका दिसत नाही, आणि दिसला तरी खाली जायला कुणीतरी सोबत लागतं. लेक सांगते की घरातल्या तसबिरी ते आता हाताने चाचपून सरळ करतात, आणि तरीही बरोबर करतात. मागच्या वर्षी त्यांनी सुरेखाला रीतसर अर्ज पाठवला की पंचनाम्याची नक्कल मिळावी. तिने मला फोन करून सांगितलं, "नक्कल नाही मिळायची, मॅडम. वाचायचा असंल तर त्यांना इथं यावं लागंल. येळवशीला या म्हणावं, जेवायलाच." मी निरोप जसाच्या तसा दिला. मग त्यांनी विचारलं की हरभरा यंदा कसा आहे. जाणं काही झालं नाही, आणि आता होईलसं मला वाटत नाही.

म्हातारीचा ओटा बांधून झाला. सत्तावीस डब्यांपैकी आज एकही कुठे नाही. तो कागद आहे. सुरेखाच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या खाली, सहा सह्यांसकट.

तुमची,
आजी